मुली टिकत का नाहीत? (इंदूर, खाजगी हॉस्पिटल, वॉर्डातली नर्सिंग)

वॉर्ड_सहा

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस नुसती वाचतेय. आज पहिल्यांदाच धागा काढतेय, कारण कालपासून मन जड झालंय.

मी इंदूरला एका खाजगी हॉस्पिटलात मेडिकल वॉर्डची इनचार्ज आहे. नर्सिंगमध्ये एकोणीस वर्षं झाली, त्यातली अकरा याच वॉर्डात. दिवाळीपासून आतापर्यंत माझ्याकडच्या सहा मुली सोडून गेल्या आणि काल सातवीने राजीनामा हातात ठेवला. बऱ्हाणपूरची मुलगी, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली, दोन वर्षं माझ्याकडे होती. हात इतका हलका, की एखाद्या आजोबांची शीर कुणालाच सापडत नसली की शेजारच्या वॉर्डातून तिला बोलावणं यायचं. एचआरच्या फॉर्मवर तिने कारण लिहिलं, 'घरगुती अडचण'. आधीच्या सहाही जणींनी तेच लिहिलं होतं.

तिला पॅन्ट्रीत नेलं, चहा दिला आणि म्हटलं, बाळा, आता फॉर्म भरून झालाय, मला खरं सांग. ती म्हणाली, "ताई, चार महिन्यांत मला लागोपाठ दोन ऑफ मिळाले नाहीत. एका ऑफमध्ये घरी जाऊन येता येत नाही. सिमरोल, बडवाह, सनावद करत बस पाच तासांनी पोचते, तेवढेच परत यायला. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तिच्या डोळ्यांत थेंब घालायला शेजारीण यायची."

आणि तो ड्यूटीचा चार्ट मी लावते. सुपरवायझर सही करतात, पण नावं मी भरते. रात्रभर मला झोप लागली नाही ती यामुळे.

आता चार्टचा हिशेब सांगते, म्हणजे नर्सिंगबाहेरच्या लोकांनाही कळेल. वॉर्डात २४ खाटा. साध्या वॉर्डाला सहा पेशंटमागे एक नर्स हे जुनं सरकारी प्रमाण आहे, ते धरलं तर शिफ्टला ४ आणि तीन शिफ्ट मिळून १२. रजा, आजारपण, साप्ताहिक सुट्टी यांसाठी वर ३० टक्के धरायचे असतात, म्हणजे १६. माझ्याकडे कागदावर ११ जणी आहेत. त्यातली एक बाळंतपणाच्या रजेवर, एक आयसीयूत ओढून नेलेली. उरल्या नऊ. आठवड्याला ८४ ड्यूट्या भरायच्या आणि नऊ जणी सहा-सहा दिवस आल्या तरी होतात ५४. नाईटला दोघीच. एकेकीकडे बारा पेशंट.

इथे नर्सेस आहेत, ज्यांनी नोकरी सोडली त्याही असतील. तुम्ही का सोडलीत? आणि ज्या टिकल्या त्या कशामुळे? मॅनेजमेंटकडे पुढच्या महिन्यात बैठक आहे. रिकाम्या हाताने जायचं नाहीये.

कॅनुला

वॉर्डताई, तुम्ही चार्टचा दोष स्वतःकडे घेतलात हे वाचून बरं वाटलं, आमच्या इनचार्जने कधी घेतला नाही. पण मला वाटतं तुम्ही पगाराला बगल देताय.

मी बीएस्सी नर्सिंग, चार वर्षं शिकले. इंदूरमध्येच एका हॉस्पिटलात लागले तेव्हा हातात १४ हजार यायचे. पीजी आणि मेसचे साडेसात जायचे. वडिलांनी फीसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता त्यातूनच. एम्सच्या नर्सिंग ऑफिसरचं मूळ वेतनच ४४,९०० आहे, भत्ते वेगळे. काम तेच, डिग्री तीच. मग आमच्या पीजीतल्या आठपैकी पाच मुली ड्यूटीवरून आल्या की नॉरसेटची (एम्सच्या नर्सभरतीची परीक्षा) पुस्तकं घेऊन का बसतात, भंवरकुआंला क्लास का लावतात, यात विचारण्यासारखं काय आहे?

आणि दुसरी गोष्ट, मी खरंच का सोडलं ती. जॉइन होऊन अकराव्या दिवशी मला नाईट लावली. सोबतची सीनियर दहा वाजता दुसऱ्या मजल्यावर पाठवली, तिथे कुणी आलं नव्हतं. मी एकटी, १४ पेशंट. दोनच्या सुमारास एका बेडचा इन्फ्यूजन पंप वाजायला लागला आणि त्याच वेळी समोरच्या बेडवरच्या काकांना दम लागला. पंप बंद करू की काकांना बसवू? मी काकांकडे धावले, ऑक्सिजन लावला, ड्यूटी डॉक्टरांना फोन केला. ते खाली कॅज्युअल्टीत होते, वीस मिनिटांनी आले. पंप तेवढा वेळ वाजत होता. नॉरॲड्रेनलीन (बीपी टिकवायचं औषध) चालू होतं त्यावर, वॉर्डात नकोच होतं ते, पण आयसीयूत बेड नव्हता. दोघंही वाचले. सकाळी ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या शिफ्टला पेशंट सोपवताना, सगळ्यांसमोर मला विचारलं, "पंप इतका वेळ का वाजू दिला?" काकांबद्दल कुणी एक शब्द बोललं नाही.

त्या दिवसानंतर नाईटच्या आधी माझ्या पोटात गोळा यायचा. पाचव्या महिन्यात सोडलं. मूळ सर्टिफिकेटं त्यांच्याकडे ठेवलेली, ती मिळवायला बाबांना तीनदा खेपा घालाव्या लागल्या. फॉर्मवर मीही 'घरगुती अडचण'च लिहिलं, कारण एक्सपीरियन्स लेटर हवं होतं.

निवृत्त_मेट्रन

कॅनुला, बाळा, तुझी ती रात्र वाचून मी चष्मा काढून ठेवला. मी सरकारी नोकरीत ३६ वर्षं काढली. अकराव्या दिवशी नव्या मुलीला एकटीने नाईट द्यायची हे आमच्या वेळीही घडायचं आणि तेव्हाही ते चूकच होतं.

वॉर्ड_सहा, एक विचारते. तुमच्या मुली आठ तासांत नर्सिंग किती वेळ करतात? एक दिवस वही घेऊन बसा आणि मोजा. मी रिटायर झाल्यावर दोन वर्षं एका खाजगी ठिकाणी जात होते, तिथे मोजलं होतं. औषधं आणायला फार्मसीच्या खिडकीवर रांगेत सिस्टर. इन्शुरन्सवाल्यांची फाइल लावायला सिस्टर. एनएबीएचवाले (हॉस्पिटलचा दर्जा तपासणारे) येणार म्हणून रजिस्टरं पुरी करायला सिस्टर. लॅबचा रिपोर्ट आला का, बिल झालं का, डिस्चार्ज का अडकला, नातेवाईक ओरडणार सिस्टरवर. पेशंटची पाठ पुसायला, त्याला कुशीवर वळवायला, दोन शब्द बोलायला वेळच उरत नाही. मग ती मुलगी घरी जाते तेव्हा थकलेली असते ती असते, वर हातून काम झालं नाही ही खंत वेगळी. नुसतं थकलेलं माणूस झोपलं की उठतं. ही खंत घेऊन झोपलेलं उठत नाही.

आम्ही फार्मसीला एक माणूस मागितला, दर दोन तासांनी ट्रॉली घेऊन वॉर्डात फिरणारा. नर्सच्या निम्म्या पगाराचा माणूस. तेवढ्याने ओव्हर वेळेवर संपायला लागली. पैसा लागला, पण फार नाही.

दुसरं, लग्न झालेल्या मुली. २६-२७ वर्षांच्या, चार-पाच वर्षं अनुभव, हाताखालच्या चार जणींना शिकवू शकतील अशा. मूल झालं की त्याच जातात. २०१७ पासून २६ आठवड्यांची रजा कायद्यात आहे, ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघरही द्यायला लागतं. रजा देतात कशीबशी. पाळणाघर किती ठिकाणी पाहिलंत? तळमजल्यावर एक खोली, एक आया आणि दुपारी बाळाला पाजायला जाऊ देणारी इनचार्ज. तुमच्या रजेवर गेलेल्या मुलीला आताच फोन करा, परत येताना काय लागेल ते विचारा. रजा संपल्यावर विचारलं तर उशीर झालेला असतो.

नाईट_ब्रदर

मुलींबद्दल चाललंय, एक मुलाची बाजू सांगतो. मी मेल नर्स आहे, पलासियाजवळ एका हॉस्पिटलात आयसीयूत. पेशंट उचलायचा असला की ब्रदर, नातेवाईक अंगावर आले की ब्रदर. गार्ड गेटवर असतो, भांडण वॉर्डात होतं. मागच्या पावसाळ्यात पेशंट गेल्यावर एकाने माझी कॉलर धरली, ड्यूटी डॉक्टर सोडवायला आला म्हणून वाचलो. पोलिसांत जाऊ नकोस, नाव खराब होतं असं मला सांगितलं. मला मार लागला नव्हता, त्याचं काही नाही. पण त्या दिवसापासून ही जागा आपली वाटेनाशी झाली. नॉरसेटमध्ये एम्सच्या ८० टक्के जागा मुलींना आहेत, त्यामुळे आमच्यासाठी तोही दरवाजा अर्धवटच उघडा.

पगाराबद्दल एक गोष्ट सगळ्यांनी माहीत करून घ्या. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशनच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने २०१६ च्या जानेवारीत केंद्राला समिती नेमायला सांगितलं होतं. समितीने खाजगी हॉस्पिटलांसाठी शिफारस केली ती अशी: २०० वर खाटा असतील तर त्या राज्याच्या सरकारी नर्सइतका पगार. १०० वर असतील तर फरक १० टक्क्यांपेक्षा जास्त नको, ५० ते १०० असतील तर २५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. पन्नासपेक्षा कमी खाटा असल्या तरी २० हजारांच्या खाली कुणाला द्यायचं नाही. हे २०१६ चे २० हजार! रजा, कामाचे तास, वाहतूक, राहणं हेही सरकारी धर्तीवर हवं असं त्यात होतं. बैठकीला जाताना हा कागद घेऊन जा, ताई.

हिशेबनीस_राजवाडा

मी दुसऱ्या बाजूचा माणूस. राजवाड्यापासून जवळच एका ४० खाटांच्या नर्सिंग होमचे हिशेब आणि कामकाज बघतो. इथे मालक म्हणजे राक्षस असं चित्र होऊ नये म्हणून लिहितो. आमचे निम्म्यावर पेशंट आयुष्मानचे. पॅकेजचा दर ठरलेला, पैसे येतात पण उशिरा. डॉक्टरसाहेबांनी दोनदा स्वतःची एफडी मोडून पगार केलेत. वीस हजारांचा आकडा मला माहीत आहे, आम्ही तिथे अजून पोचलेलो नाही. हे लिहायला बरं वाटत नाही.

पण गेल्या मार्चमध्ये मी एक हिशेब मांडला आणि साहेबांपुढे ठेवला. वर्षभरात १८ जागांवर २३ जणी येऊन गेल्या होत्या. नवी मुलगी आली की पहिले सहा आठवडे तिला चार्टमध्ये मोजता येत नाही, म्हणजे एका जागेचे दोन पगार. तिच्यासोबत असणारी सीनियर निम्मंच काम करते. मधल्या काळात उरलेल्यांना डबल ड्यूटी, त्याचे जादा पैसे. जाहिरात, युनिफॉर्म, लस, कागदपत्रं. आणि एखाद्या नवख्या हाताने शीर फोडली, कॅनुला तीनदा लावला, तर ते साहित्य. बेरीज केली तेव्हा दिसलं, की जितके पैसे आम्ही माणसं बदलण्यात घालवतोय तेवढ्यात सगळ्यांना महिन्याला दोन-अडीच हजार वाढवून देता आले असते. साहेबांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "हा खर्च कुठल्या खात्यात दिसतो?" कुठल्याच नाही. तो सगळ्या खात्यांत थोडा थोडा पसरलेला असतो, म्हणून दिसत नाही.

वॉर्डताई, मॅनेजमेंटपुढे दया मागायला जाऊ नका. हा हिशेब घेऊन जा. हवा असेल तर माझा तक्ता पाठवतो.

आणि एक. इंदूरच्या बाजारात सध्या मुलीच कमी आहेत. नर्सिंग कॉलेजांच्या प्रकरणात हायकोर्टाने सीबीआय तपास लावला, कितीतरी कॉलेजं कागदावरच निघाली. ज्या मुली खरंच शिकत होत्या त्यांच्या परीक्षाही त्यात लटकल्या.

कॅनुला

हो हिशेबनीसकाका, माझी धाकटी बहीण त्यातलीच. २०२०-२१ ची बॅच. तिच्या बरोबरच्या बीकॉमच्या मुली पदवी घेऊन नोकरीला लागल्या आणि ही पहिल्या वर्षाच्या परीक्षेची वाट बघत घरी बसलेली. तिचं कॉलेज चांगलं होतं, हॉस्पिटल जोडलेलं, तरी. त्यामुळे आता कुणी 'नवीन मुलींना काही येत नाही' म्हणालं की मला फार लागतं. त्यांचा यात काय दोष?

थेम्सकाठ

मी मूळची लोकमान्य नगरची, आता सात वर्षं इंग्लंडमध्ये एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत आहे. इथे सगळं गोड आहे असं समजू नका. २०२२ च्या डिसेंबरमध्ये इथल्या नर्सेसनी संप केला, पगार आणि अपुरी माणसं याच दोन गोष्टींवरून. साडेबारा तासांची शिफ्ट असते. सोडून जाणाऱ्या इथेही खूप.

तरी दोन गोष्टी सांगण्यासारख्या. मी आले तेव्हा परीक्षा पास झाल्यावरही मला एक प्रिसेप्टर दिली होती, म्हणजे एकच ठरलेली सीनियर. सुरुवातीचे आठवडे मला चार्टमध्ये मोजलंच नव्हतं. नंतरही दर महिन्याला ती माझ्यासोबत बसायची. काय जमत नाही, कशाची भीती वाटते, एवढंच विचारायची. भीती या शब्दाला तिथे जागा होती. इंदूरमध्ये मी काम केलं तेव्हा 'भीती वाटते' म्हणणं म्हणजे 'काम येत नाही' असं धरायचे.

दुसरं, रोस्टर कित्येक आठवडे आधी लागतो. त्यात आपल्या पसंतीच्या काही तारखा आधी टाकता येतात. सगळ्या मिळत नाहीत, पण का मिळाली नाही ते दिसतं.

पेशंटच्या संख्येबद्दल पुरावा हवा असेल तर अमेरिकेतला २००२ चा एक गाजलेला अभ्यास आहे, पेनसिल्व्हेनियातल्या १६८ हॉस्पिटलांचा. नर्समागे एक पेशंट वाढला की नर्स पार थकून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी आणि नोकरीवर नाराज असण्याची १५ टक्क्यांनी वाढलेली दिसली. ऑपरेशनच्या पेशंटची ३० दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी. कॅलिफोर्नियाने तर २००४ पासून हे प्रमाण कायद्यानेच बांधून टाकलंय. मॅनेजमेंटमधल्या डॉक्टरांना हा ७ टक्क्यांचा आकडा आधी सांगा, ताई. नर्स थकली हे त्यांना रोजचं वाटतं.

सुदामानगर

मी नर्स नाही. माझे वडील गेल्या वर्षी २२ दिवस ॲडमिट होते. पहिल्या आठवड्यातली सिस्टर त्यांना 'आबा' म्हणायची. त्यांना उजव्या कुशीवर झोप लागत नाही हे तिला माहीत होतं. मग ती सोडून गेली. नंतर रोज नवा चेहरा, रोज आम्हीच सांगायचं की यांना कुठल्या औषधाची रिॲक्शन येते. एकदा ते औषध सिरिंजमध्ये भरलेलंही होतं, आईने पाहिलं म्हणून थांबलं. त्या मुलीवर मी ओरडलो. आज हा धागा वाचताना ती आठवली. कदाचित तिचा अकरावा दिवस असेल.

वॉर्ड_सहा

सगळ्यांचे मनापासून आभार. कॅनुला, तू म्हणालीस ते खरं आहे, मी पगाराला बगल देत होते. माझ्या हातात नाही म्हणून मी त्याबद्दल बोलणंच सोडून दिलं होतं. आता बोलणार.

मेट्रनबाई, तुमचं ऐकून मंगळवारी मोजलं. सकाळच्या शिफ्टमध्ये एका मुलीच्या फार्मसीच्या सहा खेपा आणि बिलिंगला चार फोन. पेशंटजवळ ती किती होती हे लिहायला माझा हात धजत नाही.

बाळंतपणाच्या रजेवरच्या मुलीलाही फोन केला. ती पाच मिनिटं रडली. तिला वाटत होतं आपली जागा गेलीच.

वॉर्ड_सहा

बैठक झाली, म्हणून धागा वर आणतेय.

हिशेबनीस, तुमच्या तक्त्यात आमचे आकडे घालून नेले. सीईओ साहेबांनी आधी पगाराचा विषय "पुढच्या आर्थिक वर्षात बघू" म्हणून बाजूला सारला. मग मी तक्ता काढला आणि समितीचा कागदही ठेवला. आमच्या १२० खाटा आहेत, म्हणजे सरकारीपेक्षा फार तर १० टक्के कमी. आम्ही किती खाली आहोत ते साहेबांनी स्वतः कॅल्क्युलेटरवर काढलं आणि थोडा वेळ गप्प बसले. मिळालं ते सांगते: नाईटचा भत्ता वाढला, दोन वर्षं पूर्ण केलेल्यांना वेगळी वाढ, वॉर्डाला दोन जागा मंजूर. एकूण सोळा मागितल्या होत्या, आधीच्या अकरा धरून मिळाल्या तेरा. फार्मसीची ट्रॉली एक तारखेपासून. मूळ सर्टिफिकेटं ठेवून घेणं बंद, ज्यांची आहेत त्यांना परत. पाळणाघराला 'जागा बघतो' म्हणालेत, ते मी सोडणार नाही.

चार्ट माझ्या हातातला, तो मी कुणाला न विचारता बदलला. आता पुढच्या महिन्याचा चार्ट २० तारखेला ग्रुपवर पडतो. बाहेरगावच्या मुलींना महिन्यातून एकदा लागोपाठ दोन ऑफ, नाईट संपल्यावरचा दिवस त्याला जोडून. इंदूरच्या मुलींना वाटलं आपल्यावर अन्याय होतोय. त्यांना सणाच्या दिवशी पहिली पसंती दिली तेव्हा कुठे मिटलं. पूर्ण मिटलंय असं नाही, एक अजून नीट बोलत नाही. नवीन मुलीला पहिले सहा आठवडे एकटीने नाईट नाही, आणि तिची सीनियर दुसऱ्या मजल्यावर पाठवायची असेल तर सुपरवायझरने आधी मला फोन करायचा, रात्री दोन वाजता असला तरी.

बऱ्हाणपूरची माझी मुलगी थांबली नाही. तिला तिकडेच जिल्हा हॉस्पिटलात कंत्राटी जागा मिळाली, आई जवळ राहील. शेवटच्या आठवड्यात तिला म्हटलं, जाण्याआधी नव्या दोघींना शीर शोधायला शिकव. चार दिवस ती त्यांना घेऊन बसली. डोळे मिटायला लावायची आणि नुसत्या बोटाने स्वतःच्या हातावर शीर चाचपायला सांगायची. एचआरचा फॉर्म मी तिला पुन्हा दिला. या वेळी तिने खरं कारण लिहिलं, अडीच ओळी, खाली सही.

थेम्सकाठ, ती पसंतीच्या तारखा आधी टाकायची पद्धत कशी बसवायची ते जरा सविस्तर लिहाल का? अकरा जणींत कशी चालेल, एकाच तारखेला चार जणींनी हात वर केला तर काय करता? मला १५ तारखेच्या आत हवंय.